नव्या पंपाची चाचणी आणि सिरोंच्याचा दमा

औषधांच्या चाचण्यांचा विषय निघाला की आपल्या चळवळीत दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, चाचणी म्हणजे गरिबाचा गिनीपिग करणे. दलित-आदिवासींच्या वस्तीत चाचणीवाल्याला पायच ठेवू देऊ नये. दुसरे मत असे की, चाचणीत निदान फुकट औषध आणि फुकट तपासणी मिळते, एरवी तेवढेही मिळत नाही. मग विरोध कशाला? सिरोंचा तालुक्यात काम करताना ही दोन्ही मते मी ऐकली आहेत, कधी कधी एकाच बैठकीत, एकाच माणसाच्या तोंडून. दम्याच्या पंपांबद्दल बोलायला लागले की दोन्ही तोकडी पडतात.

आधी पंपाबद्दल. दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात आणि धूर, धूळ, थंडी असे काही निमित्त झाले की आकसतात. निळ्या पंपातले साल्ब्युटामॉल आकसलेली नळी काही मिनिटांत सैल करते. सुजेला ते हात लावत नाही. सूज उतरवायला स्टेरॉइडचा पंप लागतो. तो नियमित ओढावा लागतो आणि त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे जातात. आता ज्याच्या कनवटीला एकाच पंपाचे पैसे आहेत, तो कुठला घेईल? निळाच घेईल. लगेच बरे वाटते ते औषध, असा त्याचा अनुभव सांगतो, आणि अनुभव खोटा नसतो. पण सूज आत वाढत राहते आणि एका रात्री निळा पंपही पुरत नाही.

हे जगाला माणसे गमावून कळले. न्यूझीलंडमध्ये १९७६ साली फेनोटेरॉल नावाचा झटपट आराम देणारा पंप आला आणि पाठोपाठ दम्याने मरणाऱ्यांची संख्या वाढली. १९८९ मध्ये तिथल्याच संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये या पंपाकडे बोट दाखवले. वापरावर निर्बंध आले आणि मृत्यू उतरले. त्या देशात दम्याच्या मृत्यूंचे प्रमाण माओरींमध्ये, म्हणजे मूळनिवासींमध्ये, सर्वांत जास्त होते.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. साल्मेटेरॉल हे जास्त वेळ टिकणारे, नळी सैल करणारे औषध. ते सुरक्षित आहे का हे पाहायला १९९६ मध्ये मोठी चाचणी सुरू झाली, २६ हजारांहून अधिक रुग्णांची. जानेवारी २००३ मध्ये ती थांबवावी लागली. साल्मेटेरॉल घेणाऱ्यांत दम्याने १३ जण गेले होते, न घेणाऱ्यांत ३. चाचणीत कृष्णवर्णीय रुग्ण पाचव्या हिश्शापेक्षाही कमी होते, पण त्या १३ पैकी ७ मृत्यू त्यांचे. रक्तात, वंशात कारण शोधणारे तेव्हाही निघाले. पण आकड्यांतच दुसरी गोष्ट दिसत होती. चाचणीत येताना स्टेरॉइडचा पंप वापरणारे निम्म्याहून कमी होते आणि कृष्णवर्णीयांत ते प्रमाण आणखी कमी होते. पुढे चाळीस हजारांहून अधिक रुग्णांवर पुन्हा चाचण्या झाल्या. हीच जातीची औषधे स्टेरॉइडसोबत एकाच पंपात दिली तर तो धोका दिसत नाही असे निघाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकी नियामकांनी अशा जोडपंपांवरचा कडक इशारा काढून टाकला. एकटे धोक्याचे औषध जोडीने सुरक्षित ठरले, हे चाचणीशिवाय कुणाला कळले असते? चाचणीला सरसकट विरोध करणाऱ्या माझ्या मित्रांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

गेल्या काही वर्षांतला बदल त्याहून मोठा आहे. दम लागेल तेव्हा निळ्याऐवजी स्टेरॉइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप ओढायचा, म्हणजे आरामही मिळतो आणि सुजेवर औषधही जाते, ही कल्पना २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत तपासली गेली. २०१९ मध्ये ‘जिना’ या जागतिक दमा मार्गदर्शक संस्थेने भूमिका बदलली आणि मोठ्यांना व किशोरांना नुसता निळा पंप देऊ नये असे सांगितले. २०२२ मध्ये साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड एकाच पंपात घालून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. ती औषध सुरू असूनही दमा आटोक्यात नसलेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झाली होती आणि जास्त मात्रेच्या पंपाने गंभीर झटक्यांचा धोका सुमारे चतुर्थांशाने घटला. जानेवारी २०२३ मध्ये तो पंप अमेरिकेत मंजूर झाला.

‘औषध सुरू असूनही दमा आटोक्यात नसलेला.’ हे शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहिते, कारण आमची गाडी इथेच अडते. अशा चाचणीत शिरायला आधी डॉक्टरने दम्याचे निदान केलेले हवे, स्पायरोमीटरमध्ये फुंकून घेतलेले आकडे हवेत, नियमित उपचार सुरू असल्याची नोंद हवी. बिडी फार ओढलेली नको, दुसरा फुप्फुसाचा आजार नको. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक साधा हिशेब केला. ज्या १७ चाचण्यांच्या आधारावर जगाचे मार्गदर्शन उभे आहे, त्यांत आपल्या शहरातले किती दमेकरी बसले असते? मध्यम उत्तर निघाले ४ टक्के. ही वेलिंग्टनची गोष्ट, जिथे दवाखाने आहेत, नोंदी आहेत. सिरोंच्याचा हिशेब कुणी केलेला नाही. करायला घेतला तर पहिल्याच अटीला बहुतेक लोक गळतील.

कारण भारतात दम्याचे निदानच होत नाही. जयपूर, लखनौ, कोलकाता, पुणे अशा नऊ केंद्रांवर झालेल्या पाहणीत, छातीत घरघर असलेल्या शंभरातल्या ८२ जणांना आपल्याला दमा आहे हे कुणी सांगितलेले नव्हते. लक्षणे गंभीर असलेल्यांतही हे प्रमाण ७० होते. घरघर असलेल्यांत रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे अडीच टक्क्यांहून कमी. जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांच्या वर भारतात होतात, हे याच चित्राचे दुसरे अंग. आणि नऊच्या नऊ केंद्रे शहरांची. चुलीपुढे बसणारी, मोहफुले वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळणारी, फेब्रुवारी ते एप्रिल मिरची तोडायला गोदावरीपलीकडे जाणारी माणसे त्या आकड्यांतही नाहीत.

मिरचीचे जरा सविस्तर सांगते, कारण हा विषय डॉक्टरांच्या कागदावर येत नाही. आमच्याकडचे नेतकानी, मादगी, गोंड, माडिया, सगळ्या समाजांतले मजूर हंगामात तेलंगणात जातात. पाल टाकून राहतात. वाळलेल्या मिरचीच्या ढिगांवर बसून देठ खुडतात, पोती भरतात, त्याच ढिगांशेजारी झोपतात. ठसका हा तिथे आजार समजला जात नाही, कामाचा भाग समजला जातो. मला भेटलेली एक बाई, वय चाळिशीचे, दर महिन्याला एक निळा पंप संपवते. पलीकडच्या औषध दुकानातून घेते, चिठ्ठी लागत नाही. “हा आहे म्हणून मिरची तोडता येते,” असे तिने मला सांगितले. एका पंपात साधारण दोनशे फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप लागत असतील तर गंभीर झटक्याचा धोका वाढतो आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा धोका वाढतो, असे ‘जिना’ सांगते. ही बाई बाराच्या रेषेवर उभी आहे. तिला कुणी स्टेरॉइडचा पंप लिहून दिलेला नाही. दम फार लागला की सुई आणि वाफ, नंतर घरी. (हे वाचून कुणी हातातला निळा पंप टाकू नये. तो जीव वाचवतो. त्याच्या जोडीचा पंप मागावा.)

तिचा दमा वैद्यकीय अर्थाने ‘अनियंत्रित’ आहेच. पण चाचणीच्या भाषेतला अनियंत्रित रुग्ण म्हणजे औषध घेऊनही बरा न झालेला. तिच्यापर्यंत औषध पोहोचलेच नाही. दोघांना एकच शब्द लावला की दुसऱ्याची वंचितता पहिल्याच्या आजारात लपून जाते. समाजशास्त्रात एम.ए. करताना अशा लपण्याला मोठमोठे शब्द शिकवले होते. सिरोंच्यात ते एका निळ्या डबीत मावतात.

आता दुसऱ्या मताकडे येऊ, फुकट औषधाच्या. समजा उद्या कुणी सिरोंच्यात नवा पंप तपासायला आले. एका गटाला नवा पंप, दुसऱ्या गटाला ‘नेहमीचा उपचार’. कागदावर किती निरुपद्रवी शब्द! पण इथला नेहमीचा उपचार म्हणजे निळा पंप, डेरिफायलीनची गोळी आणि अधूनमधून सुई. त्याच्याशी तुलना केली तर कुठलाही पंप जिंकेल. आमच्या अभावाच्या उंबऱ्यावर उभे राहून कुणी आपली उंची मोजू नये. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचे हेलसिंकी जाहीरनाम्याचे तत्त्व सांगते की, नव्या उपचाराची तुलना सिद्ध झालेल्या सर्वोत्तम उपचाराशी व्हावी. अपवाद मोजके आणि सबळ कारणांचे. तो सर्वोत्तम उपचार आज आपल्या देशात परका नाही. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा जोडपंप भारताच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

कायद्यातली एक मेख बघा. २०१९ चे नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम सांगतात की, चाचणी संपल्यावर रुग्णाला ते औषध प्रायोजकाने फुकट द्यावे. पण त्या आजारावर दुसरा उपचार उपलब्ध नसेल तर. दम्यावर दुसरा उपचार आहे, यादीत आहे, दिल्लीत आहे. म्हणजे मिरची तोडणाऱ्या बाईचा नवा पंप चाचणीच्या शेवटच्या दिवशी परत घेतला जाईल आणि ते नियमाला धरूनच होईल. फुकट औषध मिळते म्हणणाऱ्यांनी ते किती दिवस मिळते हेही विचारावे.

आणि संमती. सिरोंच्यापासून गोदावरी खाली वाहत भद्राचलमकडे जाते. तो भाग तेव्हा आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात होता. २००९ मध्ये त्या जिल्ह्यात ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेच्या प्रकल्पात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस हजारो मुलींना टोचली गेली. त्यांत आश्रमशाळा व वसतिगृहांतल्या आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. एप्रिल २०१० मध्ये काम थांबवले गेले. मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध नसावा असे चौकशीत सांगितले गेले आणि ती लस आज जगभर उपयोगी ठरली आहे. ते मी नाकारत नाही. पण संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात संमतीपत्रांचा जो हिशेब मांडला तो लसीच्या गुणाने पुसला जात नाही. आंध्रच्या ९,५४३ अर्जांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या गृहपालांच्या सह्या होत्या. आईबापाच्या जागी गृहपाल! सवर्ण शहरी शाळेत मुलीला लस देताना मुख्याध्यापकाची सही चालली असती का? ज्याच्या ‘हो’ला किंमत नाही असे गृहीत धरले जाते, त्याचा ‘हो’ दुसराच कुणी देऊन टाकतो. जात हीच असते, फॉर्मवर तिचा रकाना नसला तरी.

त्यानंतर नियम कडक झाले. दुर्बल घटकातील व्यक्तीवर नव्या रसायनाची चाचणी करायची तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण लागते, वाचता न येणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदार लागतो. चांगले आहे. पण मुद्रण कुठल्या भाषेत? सिरोंच्यात घरात तेलुगू चालते, आतल्या गावांत माडिया आणि गोंडी. मराठी ही शाळेची आणि तहसीलची भाषा. दम्याला इथे बाया ‘उब्बसम’ म्हणतात, धाप लागली की ‘आयासम’. मराठी संमतीपत्र मोठ्याने वाचून दाखवणे म्हणजे संमती नव्हे. कुठल्या गटात कोण जाईल हे डॉक्टर ठरवत नाही, नशीब ठरवते, हे समजावणे अवघड असते असे संशोधक म्हणतात. मला तरी अवघड गेले नाही. चिठ्ठी काढणे गावाला नीट कळते. सरकारी मराठीत त्याला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. ईश्वराला वगळले तरी चिठ्ठी निघते, एवढेच मी जोडते.

हैदराबाद आम्हाला नागपूरपेक्षा जवळ पडते. तिथे दरवर्षी जूनमध्ये मृग नक्षत्राच्या सुरुवातीला बत्तिनी कुटुंब दमेकऱ्यांना पिवळा लेप भरलेला जिवंत मासा गिळायला देते. हजारो लोक रांगा लावतात, आमच्याकडचेही जातात. १८४५ पासून चालत आलेली गुप्त कृती, असा त्या कुटुंबाचा दावा. विज्ञानवादी कार्यकर्त्यांनी प्रश्न विचारले, प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा ‘औषध’ हा शब्द जाऊन ‘प्रसाद’ आला. गर्दीची व्यवस्था आणि माशांचा पुरवठा यांसाठी सरकारी खाती राबतात. प्रसाद झाला की चाचणीची गरज उरत नाही! चाचणीला हाकलून लावणारे माझे मित्र नकळत याच रांगेला वाट करून देतात. कालामांना बुद्धांनी सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. तो उपदेश घेणाऱ्याने पंपालाही तोच प्रश्न विचारावा आणि माशालाही.

मग सिरोंच्याला कुठली चाचणी हवी? नव्या रेणूची चाचणी इथे होणे कठीणच आहे. चाचणीच्या जागी स्वतःची नैतिकता समिती नसेल तर मान्यता देणारी समिती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या परिघात असावी, असा नियम आहे, आणि तेवढ्या परिघात महाराष्ट्राचे एकही वैद्यकीय महाविद्यालय नाही. त्याचे मला फार दुःख नाही. आम्हाला तपासून हवी आहे ती पोहोचवण्याची रीत. सिद्ध झालेला जोडपंप उपकेंद्रातून, आशाताईच्या हातून, मिरचीच्या हंगामाआधी दिला तर किती रात्रीचे झटके टळतात, किती मजुरी वाचते?

हे स्वप्नरंजन नाही, याच जिल्ह्यात झालेले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत गावातल्या माणसांना, सुईणींनाही, बालकांचा न्यूमोनिया ओळखून साध्या प्रतिजैविकाने उपचार करायला शिकवले. अक्षरओळख नसलेल्या सुईणीला श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचे साधन केले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: उपचाराच्या गावांत न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांच्या निम्म्याहून कमी. पुढे नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेला ४७ गावे, १९९९ मध्ये निकाल. आज देशभर आशाताई घरोघर जातात त्यामागे हे काम आहे. औषध जुनेच होते, हात नवे होते. तुलनेच्या गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न मात्र मी विचारणार. दम्यासाठी तो टाळता येतो. सगळ्या गावांना पंप द्यायचा, फक्त कुठल्या गावाला आधी आणि कुठल्याला काही महिन्यांनी, हे चिठ्ठीने ठरवायचे. तुलना होते आणि कुणी कायमचे कोरडे राहत नाही.

अमेरिकेतही आता वंचितांना डावलून केलेल्या चाचण्यांवर बोलले जाते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिपेअर’ चाचणीत फक्त कृष्णवर्णीय आणि लॅटिनो रुग्ण घेतले, सुमारे १,२००. आखणीत रुग्णांनाच सोबत घेतले. निळा पंप ओढला की सोबत स्टेरॉइडही ओढायचे, एवढीच सूचना. गंभीर झटके १५ टक्क्यांनी घटले. त्याआधी, १९९९ मध्ये, केप टाऊनच्या डॉक्टरांनी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच चालतो हे मुलांवर तपासून दाखवले. बाटल्या सिरोंच्याच्या बसस्टँडवर ढिगाने पडलेल्या आहेत.

सिरोंचा तालुका पाचव्या अनुसूचीत आहे, पेसा लागू आहे. असा प्रयोग घेऊन कुणी आले तर ग्रामसभेपुढे आधी यावे. पण ग्रामसभेचा ठराव एकेका बाईच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. गृहपालाच्या जागी सरपंच बसवण्यात आम्हाला रस नाही. पेसाच्या गावात नेतकानी, मादगी, बौद्ध घरे थोडी असतात, त्यांचा आवाज ठरावात हरवतो, हेही आपणच बोलायला हवे. समितीत कायद्याने एक सामान्य नागरिक असतो. तो नागपूरचा निवृत्त प्राचार्य असण्याऐवजी मिरची तोडलेला माणूस असायला काय हरकत आहे? आणि तुलनेच्या गटाला काय मिळणार, औषध किती वर्षे मिळणार, तेलंगणात गेल्यावर पंप संपला तर कुठे मिळणार, ही तीन उत्तरे तेलुगूत आणि माडियात, लेखी आणि तोंडी, सहीआधी मिळावीत.

तोपर्यंत आरोग्य विभागाला एक अर्ज करता येतो, त्याला कुठलीही चाचणी लागत नाही. राष्ट्रीय यादीतला जोडपंप तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जानेवारीच्या आत ठेवा. अर्जाचा मसुदा आम्ही मराठी आणि तेलुगूत करत आहोत. सह्या गावोगाव घेणार आहोत, अंगठा असेल तिथे शेजारी वाचून दाखवणाऱ्याचे नाव लिहून.